सिदबाचा मोर

ड्रायव्हरनं ट्रकच्या मागच्या फाळक्यावर रंगवलेल्या मोरावर तळवा ठेवला आणि मोठी जांभई दिली. "रेघ झकास हाय पेंटर, पण काढताना झोपला होता काय?"

सिदबा पेंटर ब्रश पुसायला लागला. नवा रंगच असला होता. काढणाऱ्याच्या मनात जे असेल ते हात लावणाऱ्याच्या अंगात उतरायचं.

"त्यापेक्षा वहिनींची कोंबडी काढून द्या," ड्रायव्हर म्हणाला.

सिदबाची बायको अन्सा दुपारी विरंगुळा म्हणून त्याच रंगानं जुन्या पत्र्यावर कोंबड्या काढायची. वाकड्यातिकड्या, एखादी तर तीन पायांची! पण हात लावला की माणूस खुदकन हसायचा.

ड्रायव्हर गेल्यावर सिदबानं गुपचूप एका कोंबडीवर हात टेकवला. पोटातून असं हसू फुटलं की त्याचं डोकंच फिरलं. 'एवढी मजा एकटीच करत होती होय ही!' रागारागानं त्यानं ब्रश उचलला आणि नवा मोर काढला.

वाळल्यावर अन्सानं हात लावला आणि चटका बसल्यागत मागं घेतला. "अगं बाई! माझ्यावर एवढं जळता?"

सिदबानं मान खाली घातली.

अन्सानं पुन्हा हात ठेवला, या वेळी काढलाच नाही. "जळा की. तीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या मोरात जीव आलाय."