विरजण

औषधी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये तिच्या औषधाचे स्फटिक काही केल्या होईनात. फ्लास्कच्या तळाशी नुसता चिकट गोळा. काचकांडीने खरवडून झालं, बर्फात ठेवून झालं, रडूनही झालं. शेवटी मॅडमनी कपाटातून जुनी कुपी काढली आणि त्यातला कणभर स्फटिक आत टाकला.

"विरजण समज. याच औषधाचं आहे. मी शिकत असताना माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने केलेलं. बाळंतपणाला गेली, ती परत आलीच नाही."

बघता बघता फ्लास्क सुईसारख्या गुलाबी स्फटिकांनी भरला. तिने लगेच घरी फोन लावला.

"आई, जमलं गं माझं औषध!"

एरवी फक्त 'जेवलीस का' विचारणारी आई हसत म्हणाली,

"गुलाबी सुया आल्या ना? माझ्याही तशाच आल्या होत्या."