कोरफडीचं पिल्लू

फुटक्या बादलीवर खुरपं खट्टकन वाजलं. दैवशालानं बादलीतल्या कोरफडीच्या बुडाचं पिल्लू सुटं करून डब्यात लावलं.

“मायच्या बुडाला ठेवलं तर दोन्हीबी खुरटतेत,” सासूबाई म्हणाल्या. “पाणी बेतानंच घालीन मी. तू नको घोर लावून घेऊ.”

दैवशालानं पिल्लाभोवतीची माती दाबली. उद्या ऊसतोडीची गाडी येणार होती, आणि अजून अंगावर पिणारी अडीच वर्षांची स्वरा आजीजवळ राहणार होती. दूध तोडायचं म्हणून तिनं कोरफडीचं एक पान मोडलं, पिवळा चीक छातीला चोळला आणि लेकीला मांडीवर घेतलं.

स्वरानं तोंड लावलं आणि लगेच काढलं. रडली नाही. आईकडं बघत राहिली.

 

“आई, तू कडू कामून झालीस?”