परतीचं तिकीट

"चर्च राहू दे, आधी हे शीक," म्हणत ह्यांनी मला बार्सिलोनाच्या मेट्रोत तिकिटाच्या मशीनसमोर उभं केलं. संध्याकाळी क्रूझ सुटणार होती. आमचा टूरचा ग्रुप शहर बघत होता आणि आम्ही मात्र बंदर ते विमानतळ चकरा मारत होतो.

लग्नापासून माझा पासपोर्ट ह्यांच्याकडेच. आज सकाळी ह्यांनी पासपोर्टचा आपला पाऊच माझ्या कमरेला बांधला.

"क्रूझवरून परत आल्यावर विमानतळाचं तिकीट असं काढायचं."

मी दोन तिकिटं निवडली. ह्यांनी एक केलं.

"अहो, आणि तुम्ही?"

"सरावाला एक पुरे."

बंदरावर सगळे मान वर करून जहाज बघत होते. हे कठड्यावरून खाली पाणी बघत होते. मी घाबरून ह्यांचा हात धरला. ह्यांनी तो हळूच सोडवला आणि माझ्या पाऊचची चेन नीट लावली.