लागले का?

"चार नाय, सहा लाव," गुरुदत्तशेठ म्हणाला आणि मोरूनं हातातली वायर परत मोजायला घेतली.

मिलिटरीच्या लिलावात घेतलेली शेठची जीप मोरूच्या बाळकुमच्या गॅरेजात उभी होती. रानात तंबू ठोकून राहायची शेठला भारी हौस. उद्या माळशेजला मुक्काम ठरलेला, आणि टपावर दिवे पाहिजेत ते आजच!

सहा हॅलोजन म्हणजे केवढा करंट! गेल्या महिन्यात मोरूनं वायरिंग केलेला एक टेम्पो भर रस्त्यात पेटला होता. माणसं वाचली, पण मोरूचं नाव गेलं. तेव्हापासून गॅरेजात कुत्रं फिरकत नव्हतं. शेठच्या भावाचे रेतीचे आठ ट्रक होते. हे काम जमलं तर ते सगळे इथे येणार. नाही जमलं तर शटर कायमचं खाली.

टपावरचे जुने चार दिवे त्यानं उतरवले. काचा कोऱ्या करकरीत.

"हे तर नवेच दिसतात, शेठ."

"नौपाड्याच्या गॅरेजात बसवलेले. एक धड पेटला नाय. सगळे चोर साले!"

मोरूनं भराभर हात चालवला. जाड वायर, रिले, फ्यूज. प्रत्येक जोड दोनदा ओढून बघितला. शेठला चैन नव्हती. जीपच्या अंगावर हात ठेवून तो सारखा पुढून मागे, मागून पुढे फेऱ्या मारत होता. मध्येच बंपरवर चढून त्यानं एकेक स्क्रू बोटांनी चाचपला. भलताच संशयी गडी!

शेठची बायको मंदाकिनी चहा घेऊन आली. ग्लास तिनं नवऱ्याच्या मुठीत नीट धरवला. गाडीही म्हणे तीच चालवायची, हा शेजारी राजासारखा बसणार. नशीब लागतं बाबा, मोरू मनात म्हणाला.

"वहिनी, चार पुरले असते," तो हळूच बोलला.

"ते म्हणतील तेवढे लाव रे भाऊ." तिनं वर बघितलं नाही.

दुपारी काम उरकून मोरूनं जीप बाहेर उन्हात काढली. टपावरचे दिवे सीटवरून दिसत नाहीत, उन्हात उजेडही कळत नाही, म्हणून शेठ स्वतःच पुढे जाऊन उभा राहिला. मोरूनं आत बसून बटण दाबलं. रिले टिक् वाजला, म्हणजे करंट सुटला.

"लागले का?"

"नाय."

मोरूनं फ्यूज काढून परत बसवला. बटण दाबलं.

"आता?"

"नाय रे!"

मोरूनं डॅशबोर्डकडे बघितलं. करंटचा काटा तर पार खाली पडत होता. मग करंट जातो कुठं? गेलं, आठही ट्रक गेले. त्यानं वायर हातानं चाचपली. गरम होती. त्याला टेम्पो आठवला. बटण बंद करायचंही विसरून तो बाहेर उडी मारून पुढे धावला.

सहाच्या सहा दिवे भगभगत होते. मोरूला डोळ्यांवर हात आडवा धरावा लागला.

समोर चार हातांच्या अंतरावर शेठ उभा होता. मान वर, तोंडावर सगळा उजेड, डोळे सताड उघडे. पापणी हलत नव्हती.

"लागले का रे?" शेठनं विचारलं.

त्याच्यामागे मंदाकिनी मोरूकडे बघत हात जोडून उभी होती.

"नाय, शेठ," मोरू म्हणाला. "माझंच वायरिंग चुकलं."