हेकचा तक्ता

मत्स्यखात्याच्या साहेबांनी मच्छीमार बोटींच्या सगळ्या तांडेलांना आपल्या केबिनमध्ये बोलावून भिंतीवरचा तक्ता दाखवला. हेक मासा पकडण्यात शेजारचा देश पहिला आणि आपण शेवटून दुसरे.

"समुद्र तोच, मासा तोच. मग तुमच्याच जाळ्यांना काय झालंय? लाज वाटू द्या जरा!"

सगळे खाली मान घालून हसू दाबत होते. थोरले तांडेलकाका उठले आणि त्यांनी शेजाऱ्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"यातली अर्धी मासळी आमचीच आहे, साहेब. आपल्या बंदरातलं बर्फाचं मशीन तीन वर्षं बंद आहे, म्हणून आम्ही ती तिकडे उतरवतो. जिथे उतरते, तिथेच मोजतात."

साहेब उसळले, "मग दुरुस्तीसाठी अर्ज करायला काय धाड भरली होती?"



काकांनी साहेबांचा चहाचा कप उचलून त्याखालचा कागद पुढे सरकवला. "केलाय की. त्यावर तुमच्या कपाचे तीन वर्षांचे डाग आहेत."