गच्चीवरची केबल

"माझं घड्याळ नाही गं चुकलेलं," खांबेटेसर फोनवर कळवळून सांगत होते. मृण्मयीने ऐकलं नाही. दोघांच्या प्रयोगशाळा शेकडो मैल दूर, पण दोन्हीकडची अणुघड्याळं एकाच उपग्रहाचा संदेश ऐकत आणि त्यांच्यातला फरक तिच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटे. कालपासून तो एकदम वाढला होता. "बंद करा ते, सर. तुमचं घड्याळ धरून काढलेली सगळ्यांची वेळ बिघडेल," तिने बजावलं.

मग खात्रीसाठी ती गच्चीवर अँटेना बघायला गेली. नव्या टाकीचा आडोसा नको म्हणून कालच तिने अँटेना पलीकडच्या कोपऱ्यात हलवून घेतली होती. त्यासाठी जोडलेल्या लांबलचक केबलचं वेटोळं उन्हात पडलं होतं. एवढ्या केबलमधून संदेश सेकंदाचे काही अब्जांश उशिरा पोचणार, हे संदेश घेणाऱ्या यंत्राला कळवायचं ती साफ विसरली होती.

तिने लगेच सरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. सरांनी बावीस वर्षं क्षणभरही थांबू न दिलेलं घड्याळ. एकदा थांबलं की मोजणीचा धागा कायमचा तुटतो.

"सर, थांबा! चूक माझीय!"

"तू म्हणालीस म्हणून आत्ताच बंद केलं गं," सर हळूच म्हणाले. "हात लावला तर अजून कोमट लागतंय."