सत्त्याऐंशीचा अंक

"सत्त्याऐंशीचा कुठे आहे?" पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यानं फोनवर विचारलं आणि रत्नाकररावांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला.

फोटो त्यांच्या भाचीनं, सुरभीनं पाठवले होते. एकाच मासिकाचे दिवाळी अंक, चौऱ्याहत्तरपासून ते मासिक बंद पडेपर्यंतचे. वर्षं बेचाळीस, अंक एक्केचाळीस. व्यापारी म्हणाला, संच अखंड असेल तर चाळीस हजार, नसेल तर बारा. झाशीतली खंडेराव गेटजवळची माडीवरची खोली महिनाअखेर सुटणार होती, कारण मामांच्या गुडघ्यांना जिना झेपेना. सुरभीच्या फ्लॅटमध्ये मामांना जागा होती, त्यांच्या अंकांना नव्हती. तो अंक कुणी नेला ते आठवतंय का, असं तिनं विचारलं. आठवत नाही, असं मामा म्हणाले. साफ खोटं.

एके काळी झाशीत मराठी वाचायला मिळण्याचा दुष्काळच. कारखान्यात नोकरीला असलेले रत्नाकरराव पुण्याहून टपालानं अंक मागवायचे. मग शहरातली मराठी घरं आणि बबीन्याच्या छावणीतली फौजी कुटुंबं ते त्यांच्याकडून वाचायला न्यायची. मुदत पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी रत्नाकरराव दारात दत्त म्हणून उभे. अंक देताना हसायचे, मागताना चहासुद्धा घ्यायचे नाहीत. बरुआसागरचे एक मास्तर तापानं फणफणलेले असताना तर त्यांच्या उशाखालून अंक काढून आणला होता.

फक्त एका दारात ते कधी गेले नाहीत. बबीन्याला एका मेजरसाहेबांची बहीण होती, माधुरी. तिथल्याच शाळेत शिकवायची. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत ती हा अंक घेऊन गेली. त्याआधीचे तीन जुने अंक तिनं मुदतीच्या आत आणून दिले होते, आणि दरवेळी कुठली कथा आवडली, कुठली मुळीच नाही, हे सांगत तासभर बसली होती. त्या तासावर रत्नाकररावांचा महिना निघायचा. चौथ्या खेपेला पंधरा दिवस झाले, महिना झाला. ते दोनदा बसस्टँडपर्यंत गेले आणि माघारी आले. अंक मागितला तर ती देईल, मग पुन्हा भेटायला निमित्त काय उरणार? ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. ती आपणहून येईल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मार्चमध्ये मेजरसाहेबांची आसामला बदली झाली. माधुरी आली नाही. साधा अंक परत करायचीही तिला आठवण राहिली नाही, यातून रत्नाकररावांनी काय समजायचं ते समजून घेतलं. ते त्यांना फार लागलं. पुढे स्थळं येत राहिली आणि ते ती परतवत राहिले. कारण कुणालाच सांगितलं नाही.

सुरभीनं जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर जाहिरात टाकली: सत्त्याऐंशीचा अंक हवा, योग्य किंमत देऊ. खाली आपला नंबर दिला. माझं पूर्ण नाव घाल, मामा म्हणाले, आणि झाशी लिही. एवढं कुणी लिहीत नसतं, असं तिनं समजावलं. ते ऐकेनात.

दोन दिवसांत सांगलीहून अंक आला चालून. आठशे रुपये, जवळजवळ कोरा. मामांनी फोटो पाहून सांगितलं, पानं पिवळी पडलीत. नाशिकहून दुसरा मिळाला, त्याची शिवण उसवलेली निघाली. तिसऱ्यात काही खोट सापडेना, तर म्हणाले, बघू. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तिकडे व्यापाऱ्यानं रविवारपर्यंतची मुदत दिली.

शनिवारी सुरभीनं खोक्यांवर चिकटपट्टी लावता लावता हात थांबवला.

"मामा, सीधी बात सांगा. तुम्हाला अंक पाहिजे, की अंक नेणारं माणूस?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कान लाल झाले. त्यांना तसं फार काही नको होतं. ती कुठे असेल, मुळात असेल की नाही, हेही ठाऊक नव्हतं. तिला एकदा आपलं नाव कुठेतरी दिसावं, एवढंच. या वयात ही इच्छासुद्धा जास्तच झाली, असं त्यांना वाटलं.

"सांगलीचा मागव," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

सुरभीनं पैसे पाठवायला फोन उचलला, तोच एका अनोळखी नंबरावरून फोटो आला. कडा झिजलेलं मुखपृष्ठ, त्यावर सत्त्याऐंशी साल, आणि कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का: रत्नाकर आठल्ये, झाशी. तिनं फोन मामांपुढे धरला. ते शिक्क्याकडे बघतच राहिले. मग सुरभीनंच लिहून टाकलं, कितीला देणार?

उत्तर यायला बराच वेळ लागला. सुरभीनं ते वाचलं आणि फोन मामांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं.

"विकायचा नाही. तुम्ही सगळ्यांच्या दारी अंक न्यायला जायचात, माझ्याही याल म्हणून मुद्दामच परत केला नव्हता. माधुरी."